गोव्यातल्या साखळी गावच्या मास्तरांस

आदरणीय मास्तर,

सादर नमस्कार विनंती विशेष.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्या घरी गणपतीच्या दर्शनाला आलो होतो, तेव्हा आपण मला एक साधा प्रश्न विचारलात आणि मी त्याचे उत्तर न देताच निघून आलो. पंधरा दिवस ती गोष्ट मनात रुतून बसली आहे. आभाराचे शब्द आपल्याला सोसत नाहीत. कोणी ‘देव बरें करूं’ म्हटले तरी आपण हात झटकून पावसापाण्याचा विषय काढता. म्हणून हे पत्र चार लोकांसमोर, उघडपणे लिहितो आहे.

म्हार्दोळ म्हटले की लोकांना जाई आठवते, म्हाळसेच्या देवळातली जायांची पूजा आठवते. त्याच गावात आमच्या अंगणात आईने मात्र एक गुलाब सांभाळला होता. फिका गुलाबी, सैल पाकळ्यांचा, देठाशी थोडा वाकलेला आणि वासाला इतका गोड, की न्हाणीघराच्या खिडकीतूनही तो फुलल्याचे कळे. आई जाऊन चार वर्षे झाली. गेल्याच्या गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही घराची डागडुजी काढली आणि पावसाळा सरता सरता त्या झाडाची पाने पिवळी पडू लागली; पिवळ्या पानावर हिरव्या शिरांचे जाळे तेवढे उरले होते.

त्यानंतर मी ज्यांच्याकडे गेलो, त्यांची नावे घेत नाही, घ्यावीत अशी त्यांची योग्यताही नाही. एकाने झाड न पाहताच बुरशीचे औषध दिले आणि आठवड्याने आणखी महागडे दिले. दुसऱ्याने सांगितले, गावठी गुलाब कशाला कुरवाळत बसता, उपटून टाका आणि नामांकित जात लावा; आणि साडेतीनशे रुपयांना ‘पीस’ अशी चिठ्ठी लावलेले कलम हातात ठेवले. डिसेंबरात त्याला फूल आले ते मळकट तांबडे. मी तक्रार केली, तेव्हा गोव्याच्या हवेत रंग बदलतो, असे उत्तर मिळाले. उष्ण हवेत पीसचा पिवळा रंग फिकटतो, पण त्याचा तांबडा होत नाही, हे मला पुढे आपल्या गच्चीवर उभे राहून कळले.

आपली माझी ओळखही नव्हती. कोणाच्या तरी सांगण्यावरून मी फोन केला आणि आपण दोन बस बदलून, छत्री आणि एक जुनी कोयती घेऊन आलात. पानांकडे आपण ओझरते पाहिले आणि थेट बुंध्याजवळची माती उकरली. आत गवंड्यांनी पुरलेले सिमेंटचे आणि चुन्याचे तुकडे निघाले. किंचित आंबट मातीत सुखाने वाढणारे झाड त्या चुनखडीत लोह शोषूनच घेऊ शकत नव्हते, म्हणून पाने पिवळी. बुरशीचा त्यात काही संबंध नव्हता. वर्षभर मी औषधे फवारत होतो आणि कारण माझ्याच पायाखाली होते. तरीही आपण मला एका शब्दाने टोचले नाही. ‘मूळ झाड वाचेल असे मी म्हणत नाही,’ एवढेच स्पष्ट सांगितलेत आणि पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार काड्या कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेलात.

आपली गच्ची पाहायला मी जानेवारीत आलो, ती सकाळ विसरणे शक्य नाही. आपण मला पीसची गोष्ट सांगितलीत: फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ यांनी तयार केलेली ही जात, तिचे कलमासाठी काढलेले डोळे महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकेला पोचले आणि २९ एप्रिल १९४५ रोजी कॅलिफोर्नियात तिचे ‘पीस’ असे नामकरण झाले; पुढे सान फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या शिष्टमंडळांना तिचे एकेक फूल देण्यात आले. एवढे सांगून आपण लगेच म्हणालात, ‘गोष्ट सुंदर आहे, पण थंड रात्री मागणारे झाड आहे. तुम्हाला लावा म्हणणार नाही.’ विकणाऱ्याच्या तोंडून असे वाक्य मी कधी ऐकले नव्हते. अर्थात आपण काही विकतच नव्हता.

मग आपण १९५४ सालची क्वीन एलिझाबेथ दाखवलीत, जी उन्हाला न डगमगता माणसाच्या डोक्याच्या वर वाढते, आणि जर्मनीच्या कोर्डेस यांची १९५८ सालची पांढरी आइसबर्ग, जी वास कमी देते पण निगाही कमी मागते. डबल डिलाइट या दुरंगी जातीपाशी आपण बराच वेळ थांबलात. सावलीत ठेवलेल्या कुंडीतले फूल जवळजवळ सायीच्या रंगाचे आणि उन्हातले कडांनी लालबुंद, एकाच जातीची दोन फुले आपण शेजारी धरलीत. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आपल्या प्रदेशात पान सलग सातेक तास ओले राहिले की काळ्या ठिपक्यांचा रोग धरतो, म्हणून पावसाळ्यात कुंड्या वळचणीखाली घ्याव्यात आणि गळालेले पान एकही खाली ठेवू नये, हेही त्याच दिवशी समजले. मला वाटते, शाळेत आपण शुद्धलेखन याच पद्धतीने शिकवले असेल.

पण ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे, ती या सगळ्याहून लहान आहे. गच्चीच्या कोपऱ्यात आईच्या गुलाबाच्या चार काड्यांपैकी दोन फुटल्या होत्या. आपल्या प्रत्येक कुंडीत दह्याच्या डब्याच्या झाकणातून कापलेली एक पट्टी असते आणि तिच्यावर शिसपेन्सिलीने जातीचे नाव व वर्ष लिहिलेले असते. त्या दोन कुंड्यांमधल्या पट्ट्यांवर आपण लिहिले होते: ‘नाव माहीत नाही. म्हार्दोळ. आईच्या अंगणातला.’ मी विचारले, लोक ज्याला एडवर्ड गुलाब म्हणतात, तो हाच का? आपण म्हणालात, असेलही. वर्षभर थोडा थोडा फुलतो म्हणजे रक्तात चिनी गुलाब असणार, बूर्बाँ नावाच्या जुन्या गुलाबांच्या कुळातला असू शकेल. पण खात्री नसताना नाव लिहिले तर पुढचा माणूस तेच खरे मानून चालेल. मग एक कुंडी माझ्या हातात दिलीत आणि दुसरी जागेवरून न हलवता म्हणालात, ‘ही माझ्याकडे राहू दे. तुमचे गेले तर कुठून आणायचे?’

मास्तर, साडेतीनशे रुपये घेऊन खोटे नाव चिकटवणारा एकीकडे आणि एका परक्या बाईच्या गुलाबाला ‘माहीत नाही’ म्हणण्याइतका मान देणारे आपण एकीकडे. ठाऊक नाही हे कबूल करायला आजकाल डॉक्टरपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत कोणी तयार नसते, आणि म्हणूनच कदाचित तसे म्हणणाऱ्या माणसाच्या हाती आपले जे काही उरले आहे ते निर्धास्तपणे सोपवता येते. आईला आपण कधी पाहिले नाही. तिचे झाड मात्र दोन तालुक्यांत दोन ठिकाणी ठेवण्याची काळजी आपण घेतलीत, जी तिच्या मुलाला सुचली नव्हती. अंगणातले मूळ झाड मे महिन्यात वाळून गेले, तेव्हा मला रडू आले नाही, ते त्या दुसऱ्या कुंडीमुळे.

चवथीला माझ्याकडच्या रोपाला नुसती पालवी होती. आपल्याकडे आलो, तर वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली गणपतीच्या पायाशी दुर्वांच्या जुडीवर दोन फिकी गुलाबी फुले ठेवलेली. आपण त्यातले एक माझ्यापुढे धरलेत आणि विचारलेत, ‘वास तोच आहे ना? मला कसे कळणार, तुम्हीच सांगा.’ घरात पाहुणे होते, आरतीची तयारी चालली होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

होय, मास्तर. तोच आहे.

आपला नम्र,
म्हार्दोळचा एक ऋणी