एक यादी, दोन रकाने

अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया

प्रिय नंदू,

फेरफाराचे फोटो मिळाले. अण्णांच्या वाटणीत विहिरीची पाळी कुणाकडे गेली हे शोधण्यात तू दोन रात्री घालवल्यास, ते वाचलं आणि इथलं एक वाटणीचं दप्तर तुला सांगावंसं वाटलं. गेले कित्येक दिवस ते डोक्यातून जात नाही.

माउंट व्हर्नन इथून जवळच आहे, जॉर्ज वॉशिंग्टनचं घर. हा माणूस १७४९ मध्ये, सतराव्या वर्षी, कल्पेपर काउंटीचा मोजणीदार झाला होता. त्या काळची खरेदीखतं तुला फार आवडतील. चतुःसीमा म्हणजे पांढरा ओक, ओढ्याचं वळण, शेजाऱ्याचा कोपरा. झाड पडलं की खूण गेली. म्हणून ठरावीक वर्षांनी शेजाऱ्यांनी मिळून शिवेवरून चालायचं आणि खुणा ताज्या करायच्या, असा कायदाच होता. मोजायला गुंटरची साखळी, ६६ फुटांची. आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, त्या साखळीच्या बरोबर निम्मी!

पण मी अडकलो ते त्याच्या खतावणीत. १७६८ साली विल्यम आणि फ्रँक ली या दोन गुलाम भावांना विकत घेतल्याचा खर्च तिथे मांडला आहे. विल्यम ६१ पौंड १५ शिलिंग, फ्रँक ५० पौंड. बाकीच्या खर्चासारखाच हाही खर्च.

आता वाटणीकडे ये. वॉशिंग्टनची बायको मार्था आधी विधवा होती. तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. कायद्याप्रमाणे तिला एक तृतीयांश वाटा मिळाला, पण फक्त हयातीपुरता. त्यातले गुलाम तिला राबवता येत, विकता किंवा मुक्त करता येत नसत. तिच्यामागे ते कस्टिसच्या वारसांकडे जायचे. शिवाय १६६२ पासूनचा कायदा असा, की गुलाम आईचं मूल आईच्याच बाजूला मोजायचं, म्हणजे तेही गुलाम आणि आईच्या मालकाचं.

१७९९ मध्ये वॉशिंग्टनने स्वतःच्या हाताने माउंट व्हर्ननच्या गुलामांची यादी केली. एका रकान्यात त्याचे सुमारे सव्वाशे, दुसऱ्यात कस्टिसच्या वाट्याचे दीडशेवर. नाव, काम आणि नवरा किंवा बायको कोण, तेही लिहिलेलं. नंदू, फ्रँक पहिल्या रकान्यात आहे. त्याची बायको ल्यूसी, तिथली स्वयंपाकीण, दुसऱ्यात. म्हणजे मुलंही दुसऱ्याच रकान्यात. ती यादी समोर ठेवून मी किती वेळ नुसता बसून होतो.

मृत्युपत्रात वॉशिंग्टनने आपल्या बाजूच्यांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्त करायचं लिहिलं. विल्यमला मात्र लगेच स्वातंत्र्य आणि वर्षाला ३० डॉलर. मार्थाने पुढे आपल्या हयातीतच त्यांच्या मुक्ततेवर सही केली आणि १ जानेवारी १८०१ ला पहिला रकाना सुटला. फ्रँक सुटला, ल्यूसी नाही. १८०२ मध्ये मार्था गेली, आणि दुसरा रकाना तिच्या चार नातवंडांत वाटला गेला. त्या वाटणीत किती चुली फुटल्या असतील.

हे कुण्या दुष्टाने रागाच्या भरात केलेलं नाही रे. नीट हिशेब ठेवणाऱ्या, कायदा पाळणाऱ्या घरातलं हे काम आहे. मला जास्त लागतं ते हेच.

इकडे आलास की तुला तिथे नेईन. वॉशिंग्टनच्या थडग्यापासून थोड्याच अंतरावर गुलामांची दफनभूमी आहे. कबरींवर नावं नाहीत. जाताना यादीची प्रत बरोबर घेऊ आणि तिथे उभे राहून ती वाचू.

वहिनींना नमस्कार. विहिरीचं काय ठरलं ते कळव.

तुझा,
विनायक