डोंगराची राखण करणाऱ्या वाडीकरांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र कोणाच्या नावाने लिहावं हाच पहिला घोळ. वणवा विझवणाऱ्या तुमच्या पथकाला नाव नाही, गणवेश नाही, कुठे नोंदणी नाही. व्हॉट्सॲपवर एक गट आहे, त्याचं नाव 'वाडी कामकाज'. एरवी त्यात नळाच्या पाण्याची वेळ येते, पालखीची वर्गणी येते आणि कोणाचं तरी वासरू सुटल्याची खबर येते. त्या दुपारी त्यात एवढंच आलं : 'पऱ्याकडे धूर. चला.' आणि तुम्ही जेवणावरून उठून निघालात. म्हणून हे पत्र सगळ्या वाडीलाच.

शिमगा आटपून चाकरमानी परत गेले होते. मी तेवढी आईच्या गुडघ्यांमुळे मागे राहिले होते. अशा वेळी संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीत माणसं उरतात ती कोण? साठी ओलांडलेले काका, घर सांभाळणाऱ्या वहिन्या, परीक्षा संपलेली दोन-चार पोरं आणि मुंबईला न गेलेले मोजके तरुण. वारा दुपारी समुद्राकडून वर चढतो आणि आग उतारापेक्षा चढावर जोरात पळते. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पेटलेलं गवत बघता बघता आमच्या आंब्याच्या कलमांच्या खालच्या दगडी गडग्यापर्यंत आलं.

बंबाला फोन झालाच. पण आपल्या ग्रामपंचायतीकडे कुठला बंब? तो यायचा नगरपरिषदेचा नाहीतर एमआयडीसीचा, घाटातली वळणं घेत. आणि आला तरी डांबर संपतं तिथे त्याचं काम संपतं. पुढे पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट.

तुम्ही काय केलंत ते मी अंगणातून बघत होते. निम्मी माणसं आगीच्या पुढे जाऊन गडग्याच्या कडेने पातेरा, म्हणजे वाळका पाला, ओढू लागली, लाल माती उघडी पडेपर्यंत. बाकीची ऐनाचे हिरवे टहाळे तोडून आगीच्या कुशीला भिडली. टहाळा आपटायचा नाही, दाबून धरायचा, नाहीतर ठिणग्या उडून मागचं गवत पेटतं, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णा गडग्यावर उभे राहून एकच ओरडत होते, "तोंडावर जाऊ नका रे, कुशीने मारा!" वयाच्या मानाने त्यांचा आवाज अजून पालखी नाचवण्याच्या लायकीचा आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

पाठीवरचे फवारणी पंप आले. त्यातल्या एकात आदल्या दिवशीचं काजूवरच्या ढेकण्या किडीचं औषध उरलं होतं. एवढ्या घाईतही पोस्टातल्या काकांनी तो आमच्या विहिरीपासून लांब नेऊन रिकामा केला, दोनदा खळबळला आणि मगच पाणी भरलं. वर डोंगर पेटलेला, आणि हा माणूस पंप खळबळतोय! मला तेव्हा राग आला होता. पण ते विष फवाऱ्यातून उडालं असतं तर ते तिथे राबणाऱ्यांच्याच नाकातोंडात गेलं असतं.

पाणी वर पोचवलं ते वहिन्यांनी. विहिरीपासून गडग्यापर्यंत पाखाडीवर उभ्या राहून हंडे हातोहात दिले. टहाळे मारणाऱ्यांचे फोटो निघाले, वहिन्यांचा एकही निघाला नाही. तो मी काढायला हवा होता असं वाटतं खरं, पण माझ्याही हातात हंडा होता.

मला भीती कशाची वाटत होती ते सांगते. 8 एप्रिल 2021 ला गोंदियातल्या नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजूर गेले. ती रोज जंगलात वावरणारी माणसं होती. वारा फिरला की सराव असलेल्यालाही पळायला वाट राहत नाही. तुमच्या पायात स्लीपर होत्या आणि दोघांच्या अंगात टेरिकॉटचे शर्ट. टेरिकॉट नुसता जळत नाही, वितळून कातडीला चिकटतो.

आग संध्याकाळी आटोक्यात आली. खरं सांगायचं तर आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या रात्रीचे.

आग विझली म्हणून टाळ्या वाजवून घरी जायला कोणाची हरकत नव्हती. पण जुनी खोडं आतून धुमसत राहतात. वरून राख, आत निखारा; पहाटे वारा सुटला की तोच डोंगर पुन्हा पेटतो. तुम्ही पाळ्या लावल्यात. मी चहा घेऊन वर आले तेव्हा शाळेतले गुरुजी एका किंजळीच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते आणि तळहात नव्हे, हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब तपासत होते. ऊब लागली की कुदळीने उकरायचं, तांब्याभर पाणी, माती, पुन्हा हात. असा एकेक बुंधा. मी विचारलं, आता काय उरलंय? म्हणाले, "तुमी झोपा जावा, आमी हाव हितं."

आई त्या रात्री गाढ झोपली.

शहरातल्या वाचकांना यात एक गोष्ट कळणार नाही, म्हणून लिहिते. वणवा म्हटलं की लोकांना वनखातं आठवतं. खात्याकडे यंत्रणा आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचे इशारे येतात, हंगामाआधी जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढतात, 1926 हा मदतीचा क्रमांक आहे. पण रत्नागिरी जिल्ह्यात खात्याच्या ताब्यातलं जंगल अगदीच थोडं. बाकी सगळे डोंगर खासगी, सातबाऱ्यावर पंधरा-वीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत आणि काही कुठे आहेत ते त्यांच्या भावांनाही ठाऊक नाही. डोंगर खासगी, म्हणून वणवाही खासगी. जाळरेषा काढायची कोणी? ज्याची जमीन तो नाही, जो आहे त्याची जमीन नाही. तुम्ही विझवलेल्या आगीत तुमच्या स्वतःच्या मालकीचं फारसं काही नव्हतं.

बागायतदाराला विमा असतो म्हणतात. आंब्याच्या फळपीक विम्यात अवेळी पाऊस आहे, तापमान आहे, वेगाचा वारा आहे, गारपीट आहे. वणवा नाही. हापूसचं कलम पाच-सहा वर्षांनी कुठे धड फळ द्यायला लागतं, आणि साल भाजली की पानं हिरवी दिसत असतानाच ते आतून जातं. आमची खालच्या ओळीतली काही गेली. वरची राहिली. ती बाबांनी खांद्यावरून पाणी घालून जगवलेली आहेत.

आग कोणी लावली याचा शोध तुम्ही घेतला नाहीत, आणि मीही इथे घेणार नाही. विजेच्या तारा घासून ठिणगी पडते, कोणी विडी टाकतो, गवत जाळलं की पुढच्या साली जोमाने येतं असं मानणारे अजून आहेत. राबाचंही, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याचंही, नाव निघतं. त्याबद्दल शहरात बसून राब बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कवळ (तोडलेल्या फांद्या), शेण, पातेरा यांचे थर देऊन जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि भाताचं रोप सहज उपटतं. हे ज्याने लावणी केली आहे त्याला सांगावं लागत नाही. तुम्ही काढलेली तोड मला जास्त शहाणपणाची वाटते : राब भाजायचा तो उजाडताना, वारा पडलेला असताना, आधी गटावर कळवून आणि शेजारी दोन हंडे भरून ठेवून. कागदावर कुठे लिहिलेला नसला तरी वाडीत हा नियम आता सगळे पाळतात. पाळला नाही तर अण्णा काय बोलतात तेही सगळ्यांना माहीत आहे.

आता कामाचं. मुंबईतल्या वाडी मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. भाषणं बरीच झाली, ती सोडा. ठरलं ते असं : पालापाचोळा उडवायचे दोन ब्लोअर आणि कपाळावर बांधायच्या बॅटऱ्या आम्ही पाठवतो. सुती पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि चामड्याचे बूट येतील. रबरी बूट मुद्दाम घेतले नाहीत, ते तापून पायाला चिकटतात. बंद घरांमागच्या कलमांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं, ज्याची त्याने करून घ्यायची. येणं जमत नसेल तर मजुरी आधी पाठवायची, नंतर नाही. आणि पौषात, गवत पूर्ण वाळायच्या आत, पऱ्यापासून वरच्या कातळसड्यापर्यंत जाळपट्टा काढायला आम्ही येतोय. किती जण येतील ते आत्ताच लिहीत नाही, मुंबईकरांच्या 'येतो'ची किंमत तुम्हाला ठाऊक आहे. मी येतेय.

बुटांची मापं आईकडे लिहून द्या. वहिन्यांचीही. मागच्या वेळी यादी केली तेव्हा त्यांची नावं नव्हती, ती मी घातली आहेत.

तुमची,
वरच्या घरातली धाकटी