दुखायच्या आधीच्या गोळ्या

प्रिय मनू,

काल फोनवर तू वैतागलीस ना, की ऑपरेशनचं दुखायच्या आधीच पेनकिलर कशाला देतायत, आणि मी नुसतं "घे गं मुकाट्याने" म्हणून फोन ठेवला, ते चुकलंच माझं.

कसंय, भूल दिली की आपण झोपतो पण मज्जारज्जू झोपत नाही. कातडी कापतात, स्नायू बाजूला सारतात, त्याचे सिग्नल तिथे पोचतच असतात, आपल्याला कळत नाही एवढंच. असा मारा होत राहिला की मज्जारज्जूच हळवा होऊन बसतो, क्लिफर्ड वूल्फ नावाच्या संशोधकाने १९८३ साली उंदरांवर हे दाखवलं होतं, मग जाग आल्यावर नुसती कूस बदलली तरी कळ येते. म्हणून तास-दोन तास आधी पॅरासिटामॉल, सेलेकॉक्सिब, प्रीगॅबालिन असं काहीबाही देतात, प्रत्येकाचं काम वेगळं, आणि मग नंतर मॉर्फिनसारखं औषध कमी लागतं. ते कमी लागलं की मळमळ कमी, बद्धकोष्ठता कमी (पाठीला टाके असताना कुंथणं काय असतं ते मला विचार).

माझ्या ऑपरेशनच्या वेळी आधी काही दिलं नव्हतं आणि वर माझा शहाणपणा, सहन करायचं म्हणून बेलचं बटण हातात धरून तीन तास पडून राहिलो, अगदीच असह्य झाल्यावर दाबलं, तोवर दुखणं इतकं चढलेलं की इंजेक्शनही लागू पडेना. दुसऱ्या दिवशी उभं केलं तर पलंगाचा कठडा सुटेना हातातून.

आता आधी गोळ्या घेतल्या म्हणजे दुखणारच नाही असं नाही हं, काही अभ्यासांत चांगला फरक दिसला, काहींत फारसा नाही. प्रीगॅबालिनने गुंगी येते, चक्कर येते, तेव्हा पहिल्यांदा उठताना एकटी उठू नकोस. आणि पायाच्या कळेसाठी तू दोन महिने ज्या गोळ्या खातेयस त्यांची पाकिटंच भूलतज्ज्ञांना दाखव, त्यातही पॅरासिटामॉल असू शकतं, डोस डबल व्हायला नको. तुझा तो जुना अल्सर पण सांग, लाजू नकोस. उपाशीपोटी गोळ्या कशा असं म्हणत होतीस, तर घोटभर पाण्याबरोबर देतात, तेवढं चालतं, फक्त त्यांनी सांगितल्याशिवाय स्वतःच्या मनाने काही घेऊ नकोस.

गुरुवारी सकाळी मी येतोच. बेल उशाखाली नको ठेवूस, हातात ठेव, आणि दुखायला लागलं की लगेच दाब.

बाबा