मिरजेच्या मंडळींचे आभार

आईच्या ऑपरेशनसाठी मिरजेला आलो तेव्हा गावात ओळखीचं कोणी नव्हतं. रविवारी जवळच्या चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं आणि त्याच रात्रीपासून डबा येऊ लागला. मऊ भात, मुगाचं वरण, भाकरी. आईला तिखट चालतं का, हेही कोणीतरी आधी विचारून गेलं होतं. रात्री तिच्याजवळ बसणाऱ्या मावशी दिवसा शिवणकाम करतात, एवढंच समजलं. रक्त देऊन गेलेल्या दादांना तर मी पाहिलंही नाही.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून परगावच्या पेशंटची या गावाला सवय असावी. तरी सवयीनं कोणी रात्र जागत नाही. आपलं घर, आपले हप्ते, आपली मुलं यांतून डोकं वर निघत नाही म्हणतो ना आपण? त्यांनाही हे सगळं आहेच.

नावं विचारली तर पाळक नुसते हसले. उजव्या हाताचं डाव्याला कळू न देणारी माणसं ही! म्हणून हे जाहीर आभार. आई आता जिना चढते. तुमचा एक स्टीलचा डबा आमच्याकडे राहिलाय, तो पाळकांकडे पाठवला आहे.

जय ख्रिस्त.