गाळलेला चरण

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी गप्प बसले, म्हणून तुला वाटलं असेल की आई हरली. हरले नव्हते, फक्त उत्तर सापडत नव्हतं. त्या रात्री ह्यूगोची ती कादंबरी, ‘ले मिझराब्ल’, पुन्हा काढली, खटल्याचा भाग वाचला आणि आता लिहायला बसले आहे. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, पत्रात ती सोय नाही.

तुझं म्हणणं असं की तिच्या नायकाने, व्हालज्याँने, ‘खरा व्हालज्याँ मी’ असं कोर्टात सांगायला तोंड उघडायलाच नको होतं. पावाची चोरी 5 वर्षांची, पळायच्या प्रयत्नांची आणखी 14, अशी एकूण 19 वर्षं सक्तमजुरी भोगून आलेला हा माणूस नाव बदलतो, कारखाना काढतो, अख्ख्या गावाला कामाला लावतो, महापौर होतो. आणि मग कळतं की सफरचंदांच्या चोरीत सापडलेला शाँमात्यू नावाचा कुणी म्हातारा ‘व्हालज्याँ’ ठरवला गेलाय आणि आता जन्मभर बेड्यांत जाणार आहे. एका बाजूला एक म्हातारा, दुसऱ्या बाजूला शेकडो चुली. तू म्हणालीस, यात विचार करण्यासारखं आहेच काय? वर ‘त्यजेदेकं कुलस्यार्थे’, कुळासाठी एकाला सोडावं, हे माझ्या तोंडावर फेकलंस. (संस्कृतचा पेपर तुझा कधी इतका चांगला गेला नव्हता.)

आता गंमत बघ. तुझा हा सगळा युक्तिवाद व्हालज्याँने रात्रभर स्वतःशी करून झालेला आहे, तुझ्यापेक्षा जास्त बारकाईने. आणि ह्यूगोने तुझी बाजू कुठेही लपवलेली नाही. व्हालज्याँ कबुली देतो, पकडला जातो आणि पुढे कारखाना खरोखरच मोडतो, कामगार पांगतात. त्याच्याच कारखान्यातून काढली गेलेली आणि आता त्याच्याच आधाराने असलेली आजारी फाँतीन तर त्याला अटक होताना पाहूनच प्राण सोडते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो शाँमात्यू? सुटतो, आणि जगातली सगळी माणसं वेडी आहेत असं समजून चालू लागतो. आभार नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. त्याग वाया गेला म्हणावं इतका कोरडा शेवट आहे त्या प्रकरणाचा. तरी मला व्हालज्याँचंच पटतं. का, ते तीन रात्री शोधते आहे.

थोडंसं हाताला लागलं ते दस्तयेव्हस्कीत. ‘गुन्हा आणि शिक्षा’मध्ये रास्कोल्निकोव्ह एका खानावळीत दोघांचं बोलणं ऐकतो. विद्यार्थी अगदी तुझ्यासारखा तावातावाने सांगत असतो की ती सावकारीण म्हातारी मेली तर तिच्या पैशांवर शेकडो जीव जगतील, हे साधं गणित आहे. समोरचा अधिकारी विचारतो, तू स्वतः मारशील का तिला? छे, मी आपला न्यायाचं बोलतोय, असं विद्यार्थी म्हणतो. ज्या लिझावेताला, म्हणजे आपल्या सावत्र बहिणीला, ती म्हातारी छळते म्हणून तो हळहळत असतो, तीच पुढे म्हातारीचा खून करायला गेलेल्या रास्कोल्निकोव्हच्या कुऱ्हाडीखाली येते, कारण ती नेमकी त्या वेळी घरी परतते. गणितात ती बेरजेच्या बाजूला होती. आणि पैसा? तो एका दगडाखाली पडून राहतो. पाकिटात किती आहे हेसुद्धा त्याने पाहिलेलं नसतं.

श्रीमंतीचं म्हणशील तर मला ड्यूरेनमाटच्या ‘द व्हिजिट’मधले पिवळे बूट आठवतात. 1956 चं नाटक. कंगाल झालेल्या गावात एक अब्जाधीश बाई परत येते आणि शंभर कोटी देऊ करते, अट एवढीच की तरुणपणी खोटे साक्षीदार उभे करून तिला नाकारणाऱ्या माणसाला ठार करायचं. महापौर बाणेदारपणे नकार देतो. बाई म्हणते, मी थांबते. आणि मग गावकरी उधारीवर नवे बूट घालून हिंडू लागतात. खून करायचा असं कुणीच ठरवत नाही, सगळे फक्त उधारी करतात. गावाचं दारिद्र्यही त्या बाईनेच आधी कारखाने विकत घेऊन, बंद ठेवून घडवलेलं असतं. शेवटी मारतात तेव्हा न्यायाचं नाव घेऊन मारतात. आणि त्या माणसाने तिच्यावर अन्याय केला होता हेही खरंच, म्हणून तर ते नाटक इतकं बोचतं.

आता तुझा श्लोक. महाभारतात तो विदुराच्या तोंडी दुर्योधनाच्या जन्माच्या वेळी येतो. अपशकुन होतात, तेव्हा विदुर धृतराष्ट्राला म्हणतो, हा एक टाक, तुला 99 राहतील. कुळासाठी एकाला, गावासाठी कुळाला, देशासाठी गावाला सोडावं. तू इथे थांबलीस. चौथा चरण आहे ‘आत्मार्थे पृथिवीं त्यजेत्’. स्वतःच्या आत्म्यासाठी मात्र सगळी पृथ्वी. तीन चरण ज्या दिशेने चढत जातात, त्याच्या बरोबर उलट हा चौथा. व्हालज्याँ त्या रात्री पहिल्या तीन चरणांवर येरझारा घालतो आणि पहाटे चौथ्यावर निघतो.

पण इथेही माझा पाय अडकतो. विदुराचं गणित चुकलं नव्हतं. ते 99 सुद्धा पुढे गेलेच. आणि तरीही पाळण्यातल्या ज्या पोराने अजून काहीच केलेलं नाही, त्याला टाकून दे असं सांगणाऱ्याला मी दारात उभं केलं नसतं. धृतराष्ट्राला लोक आंधळा म्हणतात. मी त्याच्या जागी असते तर माझ्या डोळ्यांनी तरी काय वेगळं पाहिलं असतं?

एक जागा तू घाईत वाचली असशील. खटला जिथे चालू असतो त्या आरासच्या वाटेवर व्हालज्याँच्या गाडीचं चाक मोडतं, दुसरी गाडी मिळत नाही आणि त्याला हायसं वाटतं. आपण प्रयत्न केला, नशिबाने अडवलं, आता आपला दोष नाही. पण गाडी शोधताना त्याने चारचौघांत विचारलेलं असतं, ते एक पोरगं ऐकतं आणि एका म्हातारीला घेऊन येतं. तिच्याकडे गाडी असते. मोडकीतोडकी, पण चालणारी.

ते वाचताना मी व्हालज्याँच्या बाजूने होते, अगदी मनापासून. मग तू त्याच्या जागी आलीस. तू त्या गाडीत, आणि पुढे जन्मभराच्या बेड्या. खरं सांगते, मी आदल्या रात्रीच जाऊन ते चाक मोडून ठेवलं असतं. आणि म्हातारीच्या घरीही जाऊन आले असते.

तुझी,
आई