मातीकाम छंद की धंदा, हे आधी ठरव

चि. मधुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा हिशेब पाहिला. मातीचे मग (कप) आणि वाडगे विकून वर्षभरात ४,००० डॉलर आले. ते पगाराच्या डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) शेजारी कुठे दाखवायचे, आणि नवी भट्टी घेतली तर तिचा खर्च पगारातून वजा होईल का, असं तू विचारलं आहेस. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीवर ठरतं. तू हे काम नफा मिळवायला करतेस का, आणि ते तुझ्या वागण्यातून आणि कागदांतून दिसतं का? अमेरिकेच्या करकायद्याचं कलम १८३ एवढंच विचारतं.

उत्पन्न दाखवायचं हे मात्र दोन्हीकडे पक्कं. ऑनलाइन बाजाराकडून विक्रीची रक्कम कळवणारा १०९९-के फॉर्म आला नाही म्हणून पैसे करमुक्त होत नाहीत. २०२५च्या कायद्याने त्या फॉर्मची मर्यादा पुन्हा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहारांवर नेली, पण ती मर्यादा फक्त फॉर्म पाठवणाऱ्यासाठी आहे.

आता तुझेच आकडे घेऊ. माती आणि ग्लेझ (भांड्यांवरचा चकाकीचा लेप) ९००, बाजारातल्या स्टॉलचं भाडं ७००, वीज ३००. छंद धरला तर उत्पन्न कर-विवरणपत्राच्या शेड्यूल १ या जोडपत्राच्या ८-जे ओळीवर जातं. विकलेल्या मालाची किंमत, म्हणजे ते ९००, विक्रीतून वजा करता येतात, मात्र दर वर्षी एकाच पद्धतीने. भाडं आणि वीज नाही. छंदाचे असे खर्च २०१८पासून वजा होत नाहीत आणि २०२५च्या कायद्याने ते कायमचं झालं. म्हणजे ३,१०० डॉलरवर, तुझ्या २२ टक्के आयकर-दराने, ६८२ डॉलर कर.

धंदा धरला तर शेड्यूल सी, म्हणजे धंद्याच्या नफा-तोट्याचं जोडपत्र. नफा २,१००. त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर, म्हणजे २९७ डॉलर. हा ९२.३५ टक्क्यांचा आकडा ४०० डॉलर किंवा जास्त झाला की हा कर चुकत नाही, आणि नवे लोक इथेच दचकतात. त्यातला निम्मा वजा करून, वर धंद्याच्या उत्पन्नाची २० टक्के सवलत घेतली की आयकर ३४४ येतो. एकूण ६४१. म्हणजे नफ्याच्या वर्षी फरक किरकोळ आहे.

भट्टी घेतलीस की चित्र बदलतं. ३,००० डॉलरची भट्टी धंद्यात त्याच वर्षी पूर्ण वजा करता येते. मग शेड्यूल सीवर ९०० चा तोटा, आणि तो पगारातून वजा होऊन सुमारे १९८ डॉलर वाचतात. छंदात भट्टीचा एक सेंटही वजा होत नाही, ६८२ भरायचेच. पगार मोठा आणि शेड्यूल सीवर दरसाल तोटा, हे आयआरएसच्या, म्हणजे केंद्रीय करखात्याच्या, नजरेत भरतं. म्हणून हे तुला बजावून सांगते: तोटा दाखवता यावा म्हणून कामाला धंदा म्हणू नकोस. हा पर्याय निवडायचा नसतो, वस्तुस्थिती जशी असेल तसं लिहायचं असतं.

ही वस्तुस्थिती तपासायला नियमांत नऊ कसोट्या आहेत. त्या मोजून बहुमत काढायचं नसतं, सगळं एकत्र तोलतात. माझ्या मते सर्वांत जड पहिली: काम धंद्यासारखं चालवतेस का? वेगळं बँक खातं, वेगळं कार्ड. भट्टी लावशील त्या प्रत्येक वेळची वही: किती नग आत गेले, किती तडकले, किती विकण्याजोगे निघाले. एका मगाला माती-ग्लेझचे ३ डॉलर लागले, स्टॉलचं भाडं ७० आणि दिवसाला १० मग गेले, तर नगामागे १० डॉलर तिथेच संपले. हे मांडून किंमत बदललीस, खपत नाहीत ते मोठे वाडगे बंद केलेस, आणि कारण तारखेसह लिहून ठेवलंस, तर तो कागद फार मोलाचा. तोटा होऊनही काहीच न बदलणं हीच छंदाची खूण मानली जाते.

बाकी कसोट्यांत जाणकारांचा सल्ला, दिलेला वेळ, आधीच्या वर्षांचा नफा-तोटा, दुसरं भरभक्कम उत्पन्न, आणि कामातला आनंद येतात. चाकावर बसायला आवडतं म्हणून धंदा नाकारला जात नाही, पण आनंद आणि मोठा पगार एकत्र आले की बाकीचे पुरावे बळकट लागतात. हळदीकुंकवाला वाण म्हणून दिलेल्या वाट्या मालाच्या खर्चातून काढून टाक. त्या घरखर्चात जातात.

पाचांपैकी तीन वर्षं नफा झाला तर काम नफ्यासाठीच आहे असं गृहीत धरलं जातं. तो फक्त तुझ्या बाजूचा आधार आहे. तेवढा नफा नसला म्हणून आपोआप छंद ठरत नाही, सुरुवातीचा तोटा समजून घेतला जातो. फॉर्म ५२१३ भरून हा निर्णय पुढे ढकलता येतो, पण तू तो भरू नकोस. त्याने ती वर्षं तपासणीला जास्त काळ खुली राहतात आणि आपणच लक्ष वेधून घेतो. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढल्यानेही या प्रश्नात काही फरक पडत नाही.

माझं मत असं. गेल्या वर्षी तू ओळखीच्यांना आणि शनिवारच्या बाजारात विकलंस, वही नव्हती, किंमत अंदाजाने. ते ८-जेवर जाऊ दे. यंदा स्टॉल आधी ठरवून, खातं उघडून, वरची वही ठेवून काम करणार असलीस, तरच यंदापासून शेड्यूल सी. भट्टी त्यानंतर घे. गराजमध्ये भट्टीशेजारी गाडीही उभी राहणार असेल तर त्या जागेचा घरखर्च कामाच्या जागेचा म्हणून मागू नकोस, जागा केवळ कामाचीच असावी लागते. बाजाराला जाताना तारीख, ठिकाण, मैल, कारण त्याच दिवशी लिही. वर्षअखेर आठवून लिहिलेली वही तपासणीत टिकत नाही. ऑनलाइन विक्रीवरचा राज्याचा विक्रीकर सहसा तो बाजारच कापतो. स्टॉलवरचा मात्र तुलाच गोळा करावा लागेल, त्याचा परवाना पहिल्या बाजाराआधी काढ.

तिमाही कराच्या तारखा लक्षात ठेवायचा त्रास नको असेल तर ऑफिसात नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म) दे आणि त्याच्या ४-सी रकान्यात दर पगाराला ३० डॉलर जादा कापायला सांग. महिन्यातून दोनदा पगार होतो, वर्षाचे ७२० होतील, एवढ्या नफ्याला पुरतात. माती-ग्लेझच्या गेल्या वर्षीच्या पावत्या आणि ३१ डिसेंबरला कपाटात उरलेल्या मालाची यादी रविवारपर्यंत पाठव. ९०० पैकी किती खरंच विकल्या गेलेल्या मालाचे, ते त्यावरून काढते.

तुझी,
आई