मधुमेहींच्या रिपोर्टवर फिब-४चा आकडा छापा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मधुमेह झाला की डोळे, पाय आणि मूत्रपिंड दरवर्षी तपासायचे, हे आता सर्वमान्य आहे. या यादीत यकृत यावे, एवढ्यासाठी हे पत्र. पहिल्या पायरीला नवे यंत्र लागत नाही; नेहमीच्या रक्ततपासणीतून निघणारा आणि यकृतात व्रण झाले आहेत का याचा अंदाज देणारा ‘फिब-४’ हा आकडा पुरतो.

टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. रात्री पोट रिकामे असताना यकृत रक्तात साखर सोडते आणि इन्शुलिन त्याला आवर घालते. चरबीने भरलेले यकृत हा आवर जुमानत नाही, म्हणून रात्रीचे जेवण बेताचे असूनही सकाळी उपाशीपोटीची साखर चढलेली दिसते. स्वादुपिंड मग आणखी इन्शुलिन सोडते. खरी गोम इथे आहे: साखर थांबवण्याचा हुकूम न ऐकणारे तेच यकृत चरबी बनवण्याचा हुकूम मात्र निमूट पाळते. चरबी वाढली की साखर वाढते, साखर वाढली की चरबी. आज मधुमेह नसलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णालाही पुढे तो होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

जीवावर बेतते ते या चरबीमुळे यकृतात होणाऱ्या व्रणांमुळे, म्हणजे फायब्रोसिसमुळे. तो वर्षानुवर्षे मुका राहतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टवरची ‘ग्रेड १’ ही चरबीची पायरी आहे, व्रणांची नाही. तरी ती वाचून रुग्ण निश्चिंत होतो, आणि कधीकधी डॉक्टरही. एसजीपीटी (यकृताचे एन्झाइम मोजणारी रक्ततपासणी) नॉर्मल आली म्हणूनही यकृत सुखरूप ठरत नाही.

फिब-४ हे साधे गणित आहे. वय गुणिले एसजीओटी (अशीच दुसऱ्या एन्झाइमची तपासणी). या गुणाकाराला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. वय ५६, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६, प्लेटलेट दीड लाख असे समजा. २,२४० भागिले ९००, उत्तर सुमारे २.४९. बहुतेक प्रयोगशाळांच्या मर्यादेत हे तिन्ही आकडे नॉर्मलच ठरतात, कोणाखालीही लाल रेघ येत नाही. पण १.३ च्या पुढे गेलेल्या रुग्णाची फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी, तपासणी व्हायला हवी, आणि २.६७ च्या पुढचा थेट यकृततज्ज्ञाकडे जायला हवा. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरावी. पस्तिशीच्या आत हे गणित विश्वासार्ह नाही.

आमची मागणी अशी, की प्रत्येक मधुमेही आणि मधुमेहपूर्व प्रौढाच्या रिपोर्टवर प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरनेच हा आकडा काढून छापावा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टर वर्गमूळ काढत बसणार नाही.

आदेश काढताना काही गोष्टी स्पष्ट लिहाव्यात, नाहीतर आकडा चुकेल. काही पॅकेजमधून एसजीओटी वगळलेली असते. ती सक्तीची करावी. तिन्ही तपासण्या एकाच दिवशीच्या रक्ताच्या असाव्यात. प्लेटलेट लाखात नोंदवण्याची सवय आहे. १५० ऐवजी १.५ भरले तर उत्तर शंभरपट फुगते. नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मोजणी खोटी कमी येते आणि फिब-४ खोटा वाढतो, म्हणून कमी प्लेटलेट आल्यास रक्ताची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे बंधनकारक करावे. ताप, कावीळ किंवा जबर व्यायामानंतर लगेच हे गणित करू नये. आकड्याखाली एक ओळही हवी: ‘१.३ पेक्षा जास्त म्हणजे सिरॉसिस नव्हे, पुढची तपासणी हवी.’ पुढच्या तपासणीत अनेकांना गंभीर फायब्रोसिस नसल्याचे दिसते. त्यांना विनाकारण घाबरवू नये.

फायब्रोस्कॅनआधी किमान तीन तास पोट रिकामे हवे, नाहीतर यकृत आहे त्यापेक्षा कडक दिसते. कडकपणाचे माप ८ किलोपास्कलच्या आत आले तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता फार कमी. अशांचा फिब-४ एक-दोन वर्षांनी पुन्हा काढावा. त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाकडे पाठवावे. या पाठवणीची वाट जिल्हा पातळीवर आधी आखून ठेवावी लागेल.

उपचारांबाबत दोन गैरसमज महाग पडतात. मेटफॉर्मिन साखर उतरवते, पण तिने यकृताचे व्रण भरत नाहीत. आणि एन्झाइम थोडी वाढली म्हणून स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध बंद करू नये. फॅटी लिव्हरच्या रुग्णांचे सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात. लठ्ठ रुग्णाने ५ टक्के वजन घटवले तर चरबी उतरते, ७ ते १० टक्क्यांवर सूज कमी होते, १० टक्क्यांच्या पुढे व्रणही मागे हटू शकतात. रुग्णाला हे आकडे किलोत सांगावेत: ८० किलोच्या माणसासाठी पहिला टप्पा फक्त ४ किलोंचा आहे.

आपले,
मधुमेह व यकृतविकारांवर काम करणारे डॉक्टर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ